स्प्रिंग एअर रायफल : ग्रूप अचानक फाटला तर आधी काय तपासावं?

तिरळा_नेम
नमस्कार मंडळी. ब्रेक-बॅरल (बॅरल म्हणजे नळी खाली वाकवून ताणायची) स्प्रिंग एअर रायफल आहे, .१७७ म्हणजे ४.५ मिमी. वर ४×३२ स्कोप. अंतर १० मीटर, बसून, पुढचा हात पिशवीवर टेकवून. पाच छर्र्यांचा ग्रूप (कागदावर भोकांचा पसारा) ८ ते १० मिमी यायचा, तो आता २५ मिमीच्या आत येईना. छर्रे तेच, ८.४ ग्रेन वजनाचे, घुमटाकार डोक्याचे. मधल्या काळात स्कोप एकदा काढून परत बसवलाय, बाकी काही हलवलेलं नाही.
प्रश्न असे: बॅरल गेली का? गेली नसेल तर कोणत्या क्रमाने तपासू, म्हणजे उगाच सगळं खोलून बसायला नको? आणि "जास्त ताकदीची स्प्रिंग टाक, सरळ होईल" असा एक सल्ला मिळालाय, त्यात कितपत तथ्य आहे?

खटका
बॅरल बिचारी मुकी, म्हणून सगळे तिच्यावर ढकलतात. आधी स्क्रू बघा.

लोहारकाम
खटका यांच्याशी सहमत, फक्त "बघा" म्हणजे काय ते लिहितो. बरेच जण ऍलन की लावून अर्धा पीळ देतात आणि झालं म्हणतात. तसं करून फायदा नाही.

बंदूक रिकामी आणि स्प्रिंग न ताणलेली आहे याची खात्री करा. दस्त्याच्या पुढच्या भागात डावी-उजवीकडे एकेक स्क्रू असतो आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन. हे एकेक करून पूर्ण बाहेर काढा. आट्यांवर तेल किंवा ग्रीस दिसणारच, कारण स्प्रिंगचं ग्रीस तिथवर झिरपतं. नर आणि मादी दोन्ही आटे स्पिरिटने कोरडे करा. मग मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव), प्रत्येकी एक थेंब. लाल अजिबात नको, ते सोडवायला तापवावं लागतं आणि लाकडात बसलेला स्क्रू तापवणं म्हणजे दस्त्याची वाट लावणं.

आवळताना आधी सगळे स्क्रू नुसते टेकवा, मग आळीपाळीने डावा-उजवा थोडा थोडा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर दस्ता तिरका बसतो. लाकूड दबायला लागलं की थांबा. स्क्रू गच्च झालाय पण दस्ता तरीही हलतोय, असं दिसलं तर स्क्रूचं टोक तळाला टेकतंय. खाली वायसर टाका किंवा टोक मिलिमीटरभर घासून कमी करा.

पुढचे दोन स्क्रू सर्वात आधी सैल होतात. झटक्याचा जोर तिथेच बसतो.

निवांत
+१. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. (नेलपॉलिश विचारून घ्यावी, नाहीतर वेगळाच ग्रूप फाटेल.)

अनुपमा_श
स्क्रू झाले की दुसरी पायरी : स्कोप उतरवा आणि उघड्या साइटवर पाच-पाचचे तीन ग्रूप मारा. याला काही खर्च नाही आणि निम्मी शंका तिथेच मिटते. उघड्या साइटवर ग्रूप नीट आला तर बॅरल, छर्रे, सील, स्प्रिंग सगळे सुटले. दोष स्कोपमध्ये नाहीतर माउंटमध्ये, म्हणजे स्कोप बंदुकीला धरणाऱ्या रिंगांमध्ये.

स्प्रिंगरवर (स्प्रिंग रायफलवर) स्कोप मरतात त्याला कारण आहे. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते. नंतर पिस्टन हवेच्या उशीवर आदळून थांबतो तेव्हा बंदूक जोरात पुढे जाते. झटका दोन्ही दिशांना बसतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलीचा जोरदार धक्का निमूट सोसणारा स्कोपसुद्धा या पुढच्या झटक्याला टिकेल असं नाही, कारण त्याच्या भिंगांची बांधणी एकाच बाजूच्या धक्क्यासाठी केलेली असते. म्हणून एअरगनसाठी म्हणून बनवलेलाच स्कोप घ्यावा.

माउंट मागे सरकतोय का तेही पाहा. ११ मिमीच्या डव्हटेल खाचेवर माउंटच्या मागच्या कडेला पेन्सिलची रेघ मारा आणि वीस शॉटनंतर बघा. सरकत असेल तर अडकणीची पिन असलेला माउंट हवा, आणि ती पिन रिसीव्हरवरच्या (बंदुकीचा मधला धातूचा भाग) भोकात खरोखर उतरलेली हवी. रिंगांचे वरचे स्क्रू साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर, तिरपे-तिरपे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. याहून जास्त आवळलं की स्कोपची नळी चेपते.

छर्रेवाला
सगळे लोखंडाच्या मागे लागलेत. शिशाचं कोणी बोलेना!

डबा तोच असला तरी लॉट तोच आहे का ते बघा. एकाच कारखान्याच्या दोन लॉटमध्येही डोक्याचा व्यास ४.५० आणि ४.५२ असा फरक पडतो आणि काही बॅरलना तो जाणवतो. डब्यातून शंभर छर्रे पांढऱ्या कागदावर ओता, मागचा घाघरा वाकलेले वेगळे काढा. काचेच्या तुकड्यावर एकेक लोळवा. चांगला छर्रा एकसारखं वळण घेत जातो, वाकडा अडखळतो. मग वजन करून ०.१ ग्रेनच्या गटांत लावा.

आणि १० मीटरवर घुमटाकार कशाला? कागदासाठी चपट्या तोंडाचे वाडकटर घ्या. भोक गोल आणि स्वच्छ पडतं, मोजायला सोपं.

मधला_मार्ग
लोळवण्यापर्यंत मान्य. १० मीटरवर वजन करण्यात वेळ घालवायला माझा ठाम विरोध. हिशोब मांडतो.

छर्रा सरासरी २४० मीटर प्रति सेकंदाने गेला तर १० मीटरला ०.०४२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो साडेआठ मिमीच्या आसपास खाली येतो. ८.४ ग्रेनमध्ये ०.१ ग्रेनचा फरक म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. बंदूक ऊर्जा तेवढीच देते असं धरलं तर वेग सुमारे ०.६ टक्के बदलेल आणि खाली येणं १.२ टक्के. साडेआठ मिमीचा १.२ टक्का म्हणजे ०.१ मिमी. कागदाची जाडीही साधारण एवढीच असते.

२५ मीटरवर मात्र छर्रा सहा सेंटीमीटरच्या आसपास पडतो, तिथे हाच फरक पाऊण मिमीकडे जातो. त्यापुढे वजन करायला हरकत नाही. घाघरा वाकलेला छर्रा मात्र १० मीटरवरसुद्धा गोंधळ घालतो. तो तिरका सुटतो आणि डुलत जातो.

छर्रेवाला
हिशोब बरोबर. पण वजनातला फरक हे बऱ्याचदा आतल्या पोकळीचं किंवा साच्याच्या खोटीचं लक्षण असतं. वजन करायचं ते खोट पकडायला, वेगासाठी नव्हे.

मधला_मार्ग
हे पटलं. मग गट पाडू नका, फक्त टोकाचे हलके-जड फेकून द्या. दहा मिनिटांचं काम.

खटका
तिरळा_नेम साहेब, धाग्याचा ग्रूप फाटायच्या आत स्क्रू बघितलेत का?

दस्ताने_बहाद्दर
पकडीबद्दल कोणीच लिहिलं नाही. स्प्रिंगरमध्ये छर्रा नळीत असतानाच बंदूक मागे-पुढे हलायला लागते. म्हणून ती दर वेळी सारखीच हलली पाहिजे, तिला धरून थांबवायचा प्रयत्न व्यर्थ. पुढचा हात उघडा, तळव्यावर बंदूक नुसती ठेवायची, बोटं मिटायची नाहीत. मागचा दस्ता खांद्याला टेकलेला, दाबलेला नाही. गालाचं वजन दर वेळी तेवढंच.

पिशवीवर टेकताना बंदूक थेट पिशवीवर ठेवू नका. पिशवीवर हात, हातावर बंदूक. आणि हात कुठे ठेवता ती जागा दस्त्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवा. दोन-तीन सेंटीमीटर पुढे-मागे झालं तरी मार वर-खाली सरकतो.

शंकासुर
बॅरल साफ केली तर? आणि नळीत शिवणयंत्राचं तेल सोडलं तर गंज थांबेल ना?

लोहारकाम
शिवणयंत्राचं तेल ब्रीचकडून (नळीचं मागचं तोंड, जिथे छर्रा भरतो) आत सोडू नका, हात जोडून सांगतो. ते ट्रान्सफर पोर्टमधून (हवा नळीत यायचं भोक) कम्प्रेशन चेंबरमध्ये जातं. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की तेल पेट घेतं. फाटकन आवाज, नळीतून धूर, जळका वास : यालाच डिझेलिंग म्हणतात. वेग दर शॉटला वेगळा, ग्रूप उभा फाटणार. जोराचं डिझेलिंग झालं तर सील जळतं, स्प्रिंगही वाकते. चेंबरला खनिज तेल चालत नाही. सिंथेटिक सीलला तर बहुतेक वेळा काहीच घालावं लागत नाही. कातडी सील सुकलं असेल तर एअरगनचं चेंबर ऑइल एक थेंब, आणि बंदूक रात्रभर उभी ठेवायची.

गंजासाठी बाहेरच्या धातूवरून तेलाचा हलका फडका पुरे.

अनुपमा_श
साफसफाईबद्दल : एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, त्यामुळे काजळी नाही, फक्त शिसं आणि थोडं वंगण. दर रविवारी घासायचं कारण नाही. ग्रूप बिघडला तरच. फिशिंग लाइनची दुहेरी दोरी, तिच्या फासात फडक्याचा छोटा तुकडा, ब्रीचकडून तोंडाकडे ओढायचा. आधी एक-दोन ओलसर, मग कोरडे पांढरे येईपर्यंत. लोखंडी सळई तोंडाकडून घालू नका, नळीचं तोंड म्हणजे क्राउन घासला जातो आणि तिथला ओरखडा छर्र्याला शेवटच्या क्षणी ढकलतो.

साफ केल्यावर पहिले १५-२० छर्रे इकडेतिकडे जातील. नळीत शिशाचा पातळ थर बसेपर्यंत ग्रूप मोजू नका.

खटका
क्राउनची परीक्षा : कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवा. तंतू अडकले तिथे बर, म्हणजे धातूचा खरबरीत कंगोरा आहे.

शंकासुर
अडकला तर घासायचा का?

लोहारकाम
फार बारीक बर असेल तर गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्यावर बारीक लॅपिंग पेस्ट, हाताने किंवा अगदी हळू ड्रिलमध्ये, आणि दांडा सतत डोलवत ठेवायचा, म्हणजे एका बाजूला झिजत नाही. त्याआधी नळीत आतून कापसाचा बोळा, पेस्ट रायफलिंगमध्ये (नळीतल्या पिळदार खाचांत) जायला नको. चकचकीत गोल कडी सगळीकडे सारख्या रुंदीची दिसली की थांबा. त्यापेक्षा मोठं काम असेल तर लेथवाल्याकडे द्या.

पण धागाकर्त्याचा ग्रूप "अचानक" फाटलाय. बंदूक तोंडावर आपटली नसेल तर क्राउन अचानक बिघडत नाही.

निवांत
ब्रीच सीलचं राहिलं. टिश्यूपेपरची बोटभर रुंद पट्टी ब्रीचच्या सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा भरलेला, नेम सुरक्षित आडोशावर, आणि मारा. पट्टी उडाली तर सांध्यातून हवा गळतेय. सील दबून चपटं झालं असेल तर नवं टाका. तात्पुरतं म्हणून सीलखाली पातळ प्लास्टिकची गोल चकती कापून टाकली तरी ते वर येतं, पण इतकं वर नको की बॅरल बंद करताना जोर लागेल.

ब्रेक-बॅरलचा पिव्हट बोल्टही पाहा. स्प्रिंग ताणल्यावर बॅरल अर्ध्यात सोडली तर ती जिथल्या तिथे थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. पडत असेल तर बोल्ट आवळा. ही परीक्षा करताना एक हात बॅरलवर असू द्या, दुसऱ्या हाताचं बोट ट्रिगरपासून लांब. ताणलेल्या बंदुकीचा सिअर (पिस्टन अडवून धरणारी कळ) सुटला तर बॅरल वर येते ती बोटं घेऊनच.

पोलादी_पीळ
जास्त ताकदीच्या स्प्रिंगवर माझं मत : नको. त्या बंदुकीचा पिस्टन, ट्रान्सफर पोर्ट आणि चेंबर ठरावीक हवेसाठी बनलेत. जड स्प्रिंग टाकली की वेग थोडा वाढतो, झटका बराच वाढतो. वर पिस्टन आदळून उसळतो, सील लवकर जातं, स्कोपचं आयुष्य घटतं. ग्रूप सुधारायचा असेल तर स्प्रिंगचा कंप कमी करा. आतला गाइड (स्प्रिंगला सरळ ठेवणारा दांडा) स्प्रिंगमध्ये घट्ट बसणारा हवा, हाताने दाबून घालावा लागेल इतपत. स्प्रिंगची दोन्ही टोकं सपाट आणि गुळगुळीत हवीत. वर चिकट ग्रीसचा पातळ हात. शॉटनंतर "झ्यांऽऽग" असा आवाज घुमत असेल तर गाइड सैल आहे. ताणताना करकर आणि अडखळ असेल तर स्प्रिंग तुटली असण्याची शक्यता बरीच.

उघडायची वेळ आलीच तर स्प्रिंग कम्प्रेसरशिवाय हात लावू नका. आत बसलेली स्प्रिंगसुद्धा मोकळी नसते, दाबलेलीच असते. शेवटची पिन निघाली की मागचा ठोकळा सुतारी हातोड्यासारखा छातीत येतो. आणि नवं सील घालताना सिलिंडरच्या खाचांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्या, नाहीतर आत जातानाच त्या सील कापतात.

शंकासुर
रिकामी चालवून आवाज ऐकला तर चालेल?

पोलादी_पीळ
नाही! छर्रा नसेल तर पुढे हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन थेट धातूवर आदळतो. आवाज ऐकायला छर्रा घालूनच मारा. आणि ताणून तासन्‌तास ठेवूही नका, स्प्रिंग बसते.

गॅसबत्ती
पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक) घ्या, स्प्रिंगची कटकटच नाही. :)

खटका
आणि २०० बारचा सिलिंडर पंपाने भरत बसा. जिम वेगळी लावायला नको.

गॅसबत्ती
दंड बघा माझे!

तिरळा_नेम
सगळ्यांचे आभार. करून पाहिलेलं क्रमाने लिहितो. पुढचा डावा स्क्रू जवळजवळ पाव पीळ सैल होता, चारही काढून पुसून परत बसवले. टिश्यू हलला नाही. पिव्हट ठीक. आवाज स्वच्छ, करकर नाही. स्क्रूनंतर स्कोपवर तीन ग्रूप : २१, २४, १९ मिमी. स्कोप काढून उघड्या साइटवर : ११, ९, १२ मिमी. ग्रूप केंद्र ते केंद्र मोजलेत, म्हणजे बाहेरच्या कडांमधलं अंतर उणे ४.५.

माउंट सरकलेला नाही, पेन्सिलची रेघ जागेवर आहे. स्कोप बदलावा लागणार का? आणखी एक, उपयोगी असेल तर : परत बसवल्यावर मार बराच खाली लागत होता, त्यामुळे वरचा टरेट (स्कोपचा नेम जुळवायची फिरकी) "अप"कडे फिरवत फिरवत जवळपास शेवटपर्यंत गेलाय.

अनुपमा_श
मग स्कोप टाकून देऊ नका, तुमचा दोष सापडला.

स्कोपच्या आत एक छोटी नळी असते. टरेटचा स्क्रू तिला वरून दाबतो आणि खालून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर टेकवून ठेवते. तुम्ही "अप"कडे फिरवता तेव्हा स्क्रू बाहेर येतो आणि ती स्प्रिंग सैल होत जाते. शेवटाला पोचलात की स्प्रिंगमध्ये जोरच राहत नाही. दोन्ही दिशांचे झटके बसले की नळी दर शॉटला थोडी वेगळ्या जागी थांबते. भिंग फुटलेलं नाही, दिसायला सगळं छान, आणि ग्रूप मात्र वीस मिमी.

मूळ कारण बॅरलचा झुकाव. ब्रेक-बॅरलमध्ये नळी रिसीव्हरच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असणं नेहमीचंच. उघड्या साइटवर ते कळत नाही, कारण पुढची साइट बहुधा बॅरलवरच असते.

लोहारकाम
अगदी. उपाय : आधी टरेट मध्यावर आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा, निम्मे परत या. जोर लावून टोकाला ठोकू नका. मग त्या मध्यावर १० मीटरवरून मारा आणि मार किती खाली लागतो ते मिमीमध्ये मोजा.

तेवढी उंची मागच्या रिंगखाली पट्टी घालून भरायची. रिंगांमधलं अंतर १०० मिमी असेल तर १० मीटरवर दर १० मिमीला ०.१ मिमी जाडीची पट्टी. मार ३० मिमी खाली असेल तर ०.३ मिमी. शीतपेयाच्या ऍल्युमिनियम डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, व्हर्नियरने मोजून घ्या. पट्टी रिंगच्या खालच्या अर्ध्यातच, कडा गोल कापलेल्या, म्हणजे नळीला ओरखडा नको. वरच्या अर्ध्यात काही घालायचं नाही.

०.३ च्या पुढे पट्ट्या रचू नका. दोन रिंगा दोन रेषांत आल्या की स्कोपची नळी वाकते. तेव्हा झुकाव भरून काढणारा तयार माउंट घ्या.

छर्रेवाला
चौकोन-परीक्षाही घ्या. एक शॉट, मग २० क्लिक वर, एक शॉट, २० उजवीकडे, एक, २० खाली, एक, २० डावीकडे आणि शेवटचा. पाचवा पहिल्याच्या भोकाशेजारी पडला तर आतली यंत्रणा ठणठणीत. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) टरेटला १० मीटरवर एक क्लिक म्हणजे ०.७३ मिमी, तेव्हा चौकोनाची बाजू साडेचौदा मिमीच्या आसपास यायला हवी.

मधला_मार्ग
तेही एकेका शॉटवर नको, प्रत्येक कोपऱ्यात तीन मारा. अकरा मिमीचा ग्रूप असताना एका भोकावरून साडेचौदाचा चौकोन काय कळणार?

छर्रेवाला
बरोबर, तीन मारा.

तिरळा_नेम
टरेट मध्यावर आणला. त्या जागी मार २६ मिमी खाली. रिंगांमधलं अंतर ९० मिमी. म्हणजे साधारण ०.२३?

लोहारकाम
हो, ९० गुणिले २६ भागिले १०,०००, म्हणजे ०.२३४. दोन पट्ट्या घाला, उरलेला तीन-चार मिमी टरेटने. पट्टी घातल्यावर रिंगांचे स्क्रू परत एकदा वीस शॉटनंतर तपासा, ऍल्युमिनियम थोडं बसतं.

शंकासुर
माझ्या स्कोपवर १० मीटरचं लक्ष्य अंधुक दिसतं आणि डोकं हलवलं की क्रॉस सरकतो. तेही हेच का?

अनुपमा_श
नाही, ते पॅरलॅक्स. तुमचा स्कोप बहुधा १०० यार्डांवर बसवलेला असेल. पुढच्या भिंगाभोवती फिरवायची कडी असेल आणि ती १० यार्डांपर्यंत उतरत असेल तर कडी फिरवा. नसेल तर गाल दर वेळी त्याच जागी ठेवणं एवढंच हातात आहे. याला नवा धागा काढा, इथे आधीच भरपूर झालंय.